ग्निएझ्नोच्या दारावरचे गुलाम

पोलंडच्या संसदेने २०१९ साली कायदा करून १४ एप्रिल हा ‘पोलंडच्या बाप्तिस्म्याचा दिवस’ ठरवला. इ. स. ९६६ मध्ये मिएश्को नावाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या दिवशी पोलंड जन्माला आला, असा त्यामागचा विचार. जुन्या वार्षिक नोंदींमध्ये मात्र फक्त वर्ष मिळते. बाप्तिस्मा कुठे झाला, कोणी दिला, कोणत्या दिवशी दिला, याबद्दल त्या गप्प आहेत. त्या काळी मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या शनिवारी होई आणि ९६६ साली तो शनिवार १४ एप्रिलला येत होता, एवढ्या आधारावर तारीख निघाली. तारखेवरून वाद घालण्यात मला रस नाही. सण करायचा म्हटले की एखादा दिवस धरावाच लागतो. पण राज्याचा जन्म बाप्तिस्म्याच्या कुंडात झाला असे एकदा म्हटले की त्याआधीची तीस-चाळीस वर्षे नजरेआड होतात, आणि हे राज्य उभे राहिले ते त्याच वर्षांत. ते कसे उभे राहिले आणि कोणाच्या जिवावर, हे न सांगता केलेला उत्सव मला अपुरा वाटतो. ज्यांच्या जिवावर हे झाले त्यांच्यावर तो अन्यायही आहे.

या राज्याची पहिली सलग कथा एका परदेशी धर्मगुरूने मिएश्कोच्याच वंशातल्या बोलेस्वाव तिसऱ्याच्या दरबारी राहून इ. स. १११२ नंतरच्या चार-पाच वर्षांत लिहिली. त्याचे खरे नाव टिकले नाही. पुढच्यांनी त्याला गालुस म्हटले. त्याची कथा अशी: ग्निएझ्नोत पोपिएल नावाचा राजा होता. त्याच्या मुलांच्या केस कापण्याच्या समारंभाला, आपल्याकडच्या जावळासारख्याच विधीला, दोन वाटसरू आले आणि त्यांना वेशीबाहेर हाकलण्यात आले. ते गेले पियास्त नावाच्या गरीब नांगऱ्याच्या झोपडीत. त्याच्याही मुलाचा तोच विधी होता. घरात थोडी बिअर होती आणि एक डुक्कर. पाहुण्यांच्या पुण्याईने दोन्ही सरेनात, उलट वाढत गेली. त्या मुलाचे नाव सिएमोविट ठेवले गेले. पुढे तोच राजा झाला, पोपिएल परागंदा झाला आणि एका बेटावरच्या मनोऱ्यात उंदरांनी त्याला खाल्ले. सिएमोविटचा मुलगा लेस्टेक, त्याचा सिएमोमिस्व आणि त्याचा मिएश्को.

गोष्ट सुंदर आहे. पाहुण्याला घासातला घास देणारा कुणबी राजवंशाचा मूळपुरुष ठरतो, हे कोणत्याही शेतकरी समाजाला भावेल. पण एक राजघराणे जाऊन दुसरे आले आणि एवढ्या उलथापालथीत मेला कोण, तर एकटा दुष्ट राजा, आणि त्यालाही मारले उंदरांनी. सिएमोविटच्या वंशजांच्या दरबारात बसून लिहिलेल्या कथेत नव्या राजाच्या हाताला रक्त लागलेले दिसणार नाही, हे उघड आहे. जमिनीत मात्र वेगळा पुरावा पडून होता.

वार्ता नदीच्या खोऱ्यातल्या या प्रदेशाचे नाव व्येल्कोपोल्स्का. इथे लाकूड आणि माती यांनी बांधलेल्या जुन्या कोटांचे अवशेष जागोजाग आहेत. ओकच्या ओंडक्यातली वलये मोजून ते झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे तंत्र इथे पद्धतशीरपणे वापरले गेले आणि पाठ्यपुस्तकातले चित्र पालटले. तोवर समजूत अशी होती की स्लाव्ह टोळ्या इथे शतकानुशतके आपापल्या कोटांभोवती राहत होत्या आणि त्यांतली एक हळूहळू मोठी होत राज्य बनली. वलयांनी दाखवले की ज्यांना टोळ्यांची प्राचीन केंद्रे म्हणत, त्यांतले बरेच कोट नवव्या शतकाच्या अखेरीचे किंवा दहाव्याच्या आरंभीचे आहेत. त्यांचे आयुष्यही थोडके. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतले कितीतरी जळाले किंवा ओस पडले. त्याच सुमारास, ९४० च्या आगेमागे, ग्निएझ्नो, गिएच, पोझनान, ओस्त्रुव लेद्नित्स्की आणि ग्झिबोवो इथे प्रचंड तटबंद्या उभ्या राहिल्या. एका पिढीच्या आत, एकमेकींशी मिळत्याजुळत्या.

या तटबंद्यांकडे नीट पाहिले पाहिजे. ओंडक्याच्या टोकाला फांदीचा आकडा राखून ठेवायचा आणि तो खालच्या आडव्या ओंडक्यात अडकवायचा, म्हणजे मातीच्या भाराने थर घसरत नाहीत, अशी यांची रीत. पोझनानच्या तटाचा पाया पुढे वीस मीटरांहून अधिक रुंद झाला. लेद्नित्सा तळ्यातल्या बेटावर जाण्यासाठी दोन लाकडी पूल बांधले गेले. त्यांतला पश्चिमेकडचा चारशे मीटरांहून लांब होता, आणि त्याच्या ओकच्या खांबांची झाडे ९६३-६४ च्या सुमारास तोडलेली आहेत. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दोन-तीन वर्षे आधी. पुलांच्या आजूबाजूला तळ्याच्या तळातून पाणबुड्यांनी तलवारी, कुऱ्हाडी, भाल्यांची पाती वर काढली आहेत. एवढा ओक तोडायला, ओढून आणायला, माती वाहायला हजारो हात लागले. ते हात स्वखुशीने आले असतील असे मानायला जागा नाही. नव्या कोटांच्या भोवती एकदम दाट वस्ती दिसू लागते आणि जळालेल्या कोटांचा मुलूख विरळ होतो. जिंकलेल्या भागातली माणसे उचलून आणून राजाच्या गढ्यांभोवती वसवली, असा याचा अर्थ अनेक पुरातत्त्वज्ञ लावतात. मलाही तोच पटतो.

आता एका प्रवाशाचे ऐकू. इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधल्या तोर्तोसा गावचा ज्यू. ९६५ च्या सुमारास तो मध्य युरोपात फिरला. त्याचे मूळ लिखाण गेले, पण अकराव्या शतकातल्या अल-बक्रीने आपल्या ग्रंथात त्यातला बराच भाग उतरवून घेतल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले. मिएश्कोचा मुलूख स्लाव्हांच्या मुलखांत सर्वांत विस्तीर्ण, धान्य, मांस आणि मध यांनी भरलेला, असे तो म्हणतो. मग तो फौजेवर येतो. मिएश्कोकडे तीन हजार चिलखतधारी आहेत आणि त्यांतले शंभर इतरांच्या हजारांना भारी पडतात. राजा त्यांना कपडे, घोडे, शस्त्रे, लागेल ते सारे देतो. त्यांच्यापैकी कोणाला मूल झाले, मुलगा असो की मुलगी, तर जन्मल्या दिवसापासून त्याच्या नावाने तनखा सुरू होतो. मूल वयात आले की त्याचे लग्न राजाच लावतो आणि मुलीच्या बापाला द्यायचे धनही राजाच्याच खजिन्यातून जाते.

तीन हजार हा आकडा त्या काळच्या प्रवाशांच्या सवयीप्रमाणे फुगवलेला असू शकतो. हजार धरा. हजार माणसे, त्यांचे घोडे, त्यांच्या बायका आणि पोरे, यांतले कोणीही नांगर धरणार नाही. चिलखत आणि तलवार म्हणजे तर त्या काळी एका गावाची मिळकत. गावांकडून धान्य, मध, कातडी घेता येतील, पण दूरदेशीचे पोलाद, रेशीम आणि चांदी धान्याने विकत येत नाहीत, कारण एवढ्या अंतरावर धान्य वाहून नेणे कोणालाच परवडणारे नव्हते. आणि चांदी तर मिळत होती. ग्निएझ्नो आणि पोझनानच्या परिसरात जमिनीतून अरबी दिरहमांचे साठे निघतात: समरकंद, बुखारा, ताश्कंदच्या टाकसाळींत मध्य आशियातल्या सामानी अमिरांनी पाडलेली नाणी, बऱ्याचदा तुकडे करून वजनावर वापरलेली. हे साठे कोटांच्या बांधणीच्याच काळातले आहेत. एवढी चांदी ज्याच्या बदल्यात येई, अशी मोजकीच वस्तू या जंगलांत होती. फर, मेण, मध, अंबर. आणि माणसे.

माणूस हा एकच माल असा की तो स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत चालत जातो. इब्राहिम प्राग शहराचे वर्णन करतो: दगड आणि चुन्याने बांधलेले, क्राकूवहून रूस (कीवकडचे लोक) आणि स्लाव्ह तिथे माल घेऊन येतात, तुर्कांच्या मुलखातून मुसलमान, ज्यू आणि तुर्क व्यापारी येतात, आणि तिथून जे बाहेर जाते त्यात गुलाम आहेत. कोर्दोबाच्या खलिफाच्या दरबारी स्लाव्ह गुलामांची मोठी संख्या होती, हे अरबी साधनांतून पक्के ठाऊक आहे. पूर्वेकडे व्होल्गामार्गे जाणारी वाट वेगळी, पण धंदा तोच. व्येल्कोपोल्स्कातल्या जळालेल्या कोटांचा काळ, दिरहमांचा काळ आणि नव्या तटबंद्यांचा काळ एकमेकांवर असा चपखल बसतो की त्यांना सुटे ठेवणे हाच खटाटोप ठरेल. शेजारची गावे लुटून माणसे विकायची, चांदीने फौज पोसायची आणि त्या फौजेने आणखी दूरची गावे लुटायची. पहिल्या पियास्तांचे, म्हणजे मिएश्कोच्या घराण्याचे, राज्य या चक्रावर उभे राहिले, असे मला ठामपणे वाटते.

यावर हमखास येणारे उत्तर मला माहीत आहे. दहाव्या शतकाला आजच्या नीतीचे मापदंड लावू नका. तेव्हा सगळेच असे करत. फ्रँक, सॅक्सन, रूस, व्हायकिंग, अरब, कोण मागे होते? मला हे उत्तर पटत नाही, आणि त्याचे कारण ग्निएझ्नोच्याच प्रधान चर्चमध्ये आहे. तिथे बाराव्या शतकात ओतलेली काशाची दोन भव्य दारे आहेत. त्यांवरच्या अठरा चौकटींत संत आडालबर्टचे चरित्र कोरले आहे. आडालबर्ट, चेक लोकांचा व्होइतेख, हा प्रागचा बिशप. ९९७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रुशियन लोकांत धर्मप्रसाराला गेला असता तो मारला गेला. मिएश्कोचा मुलगा बोलेस्वाव याने त्याचे प्रेत विकत घेऊन ग्निएझ्नोत पुरले; भारंभार सोने मोजले असे परंपरा सांगते. डाव्या दारावर वरच्या बाजूला एक चौकट आहे. सिंहासनावर बोहेमियाचा, म्हणजे चेकांच्या देशाचा, राजा बोलेस्लाव दुसरा बसला आहे. समोर आडालबर्ट हात पुढे करून बोलतो आहे. मध्ये साखळदंडाने बांधलेली माणसे आहेत. त्यांच्याबरोबर व्यापारी.

आडालबर्ट प्राग सोडून का गेला, याची जी कारणे त्याच्या मृत्यूनंतर लवकरच लिहिलेल्या चरित्रात दिली आहेत, त्यांतले एक हेच आहे: ख्रिस्ती बंदिवान इतके विकले जात की त्यांना सोडवायला बिशपची सारी मिळकत पुरेना. स्वप्नात ख्रिस्त येऊन त्याला म्हणतो की मला पुन्हा विकले जाते आहे आणि तू झोपला आहेस. त्या स्वप्नाचीही चौकट दारावर आहे. तेव्हा ‘त्या काळी कोणाला यात काही वावगे वाटत नसे’ हे विधान खोटे आहे. वाटत होते. एका बिशपला एवढे वाटले की त्याने आपले पीठ सोडले, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी काशाचे ओतकाम करणाऱ्या कारागिरांना, त्यांना काम देणाऱ्यांना, ते राज्याच्या सर्वांत पवित्र दारावर कायमचे ठेवावेसे वाटले. आजचे लोक त्या काळावर आपली नीती लादत आहेत, ही तक्रार त्या दारासमोर टिकत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. त्या चरित्रात आणि त्या चौकटीत व्यापारी ज्यू दाखवले आहेत. ज्या देशात ज्यूंची वस्ती नाझींनी जवळजवळ पुसून टाकली, तिथे हे चित्र दाखवताना फार जबाबदारीने बोलले पाहिजे. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते, मूर्तिपूजक रूस होते, ज्यू होते. पण माणसे पकडून आणणारे हात राजांच्या फौजेचे होते आणि नफ्याचा मोठा वाटा राजांच्या खजिन्यात जाई. आडालबर्ट दाद मागतो आहे ती व्यापाऱ्याकडे नव्हे, सिंहासनावर बसलेल्याकडे. कारागिराला दोष कोणाच्या पायाशी टाकायचा ते नेमके कळले होते.

मग बाप्तिस्म्याचे काय? तो खोटा होता असे मी म्हणत नाही. कोणाच्या अंतःकरणात काय होते हे आज सांगता येणार नाही. पण तो कोणत्या घडीला झाला ते पाहा. सॅक्सन इतिहासकार व्हिडुकिंड सांगतो की ९६३ मध्ये विचमान नावाचा बंडखोर सॅक्सन (जर्मन) उमराव एल्बे नदीपलीकडच्या स्लाव्हांना घेऊन मिएश्कोवर चालून आला, त्याला दोनदा हरवले आणि त्याचा भाऊ मारला. जर्मन राजा ऑटो पहिला नुकताच, ९६२ मध्ये, रोमला सम्राट झाला होता. मिएश्कोचे शत्रू आणि बोहेमियाचे चेक यांची जूट होती. ती फोडायची तर चेकांशी सोयरीक हवी, आणि ख्रिस्ती राजाची मुलगी मूर्तिपूजकाला कोण देणार? ९६५ मध्ये बोहेमियाच्या बोलेस्लाव पहिल्याची मुलगी दोब्रावा पोलंडात आली, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा झाला, आणि ९६७ मध्ये विचमान मिएश्कोशी लढताना मारला गेला. मरताना त्याने आपली तलवार मिएश्कोच्या माणसांकडे दिली, सम्राटाला पोहोचवण्यासाठी. डाव साधला होता. ९६८ मध्ये योर्दान हा पहिला बिशप आला.

या धर्मांतराने मोलाचे काही आले हेही मान्य करायला हवे. लेखन आले, युरोपच्या राजघराण्यांत बसण्याची जागा मिळाली. मिएश्कोची मुलगी आधी स्वीडनच्या आणि मग डेन्मार्कच्या राजाची राणी झाली, आणि तिचा मुलगा क्नूट इंग्लंडचा राजा झाला. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणूस विकू नये, असे म्हणणारे कोणीतरी दरबारात पोहोचले, हेही कमी नाही. पण धर्म लोकांपर्यंत कसा गेला? मर्सेबर्गचा बिशप थिएटमार लिहितो की बोलेस्वावच्या राज्यात उपासाच्या काळात मांस खाल्ल्याचे आढळले तर दात उपटण्याची कडक शिक्षा होती. आणि हे तो टीका म्हणून सांगत नाही. इ. स. १००० मध्ये सम्राट ऑटो तिसरा आडालबर्टच्या थडग्याच्या दर्शनाला ग्निएझ्नोला आला, आपला मुकुट काढून त्याने बोलेस्वावच्या डोक्यावर ठेवला असे गालुस सांगतो, आणि क्राकूव, व्रोत्स्वाव, कोवोब्झेग या बिशपपीठांवर देखरेख करणारे ग्निएझ्नोचे आर्चबिशपपीठ स्थापन झाले. विकल्या जाणाऱ्यांसाठी भांडलेल्या माणसाच्या थडग्यावर हा मान उभा राहिला. बोलेस्वावच्या मोहिमा थांबल्या नाहीत. १०१८ मध्ये तो कीवपर्यंत गेला आणि परतताना बंदिवानांचे तांडे घेऊन आला.

मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती याची, की या इतिहासावर विसाव्या शतकात जे वाद झाले, त्यांत त्या बंदिवानांचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. वाद होता मालकीचा. मिएश्को मुळात स्कँडिनेव्हियन होता, असा सिद्धांत जर्मन विद्वानांनी मांडला. ९९१ च्या सुमाराच्या एका दस्तऐवजात तो ‘दागोमे’ म्हणून येतो, त्यातून त्यांनी ‘दाग’ हे व्हायकिंग नाव काढले. स्लाव्हांना स्वतःचे राज्य उभारता येत नाही, हे त्यातून सुचवायचे होते, आणि १९३९ नंतर या विचाराला बंदुकांची साथ मिळाली. मूळ दस्तऐवज उरलेलाच नाही. शंभरेक वर्षांनी रोममध्ये केलेले त्याचे टिपण आहे, आणि टिपण करणाऱ्याला ही माणसे कुठली हेही कळले नव्हते. सार्डिनियाची असावीत असे त्याने लिहून ठेवले. असल्या कागदावर वंशाचे मनोरे उभारले गेले. पोलिश बाजूनेही तेच केले. बिस्कुपिन इथे १९३३ मध्ये सापडलेली लाकडी वसाहत इ. स. पूर्व आठव्या शतकातली, म्हणजे मिएश्कोच्या सतराशे वर्षे आधीची. पोलिश अभ्यासकांनी तिला आद्य स्लाव्ह ठरवले. युद्धात ती जागा नाझींच्या हाती पडली तेव्हा त्यांनी तिला जर्मानिक ठरवले.

पियास्त घराण्याच्या थडग्यांतून काढलेल्या डीएनएवरून हा वाद आता पुन्हा पेटला आहे. मिएश्कोचा पणजोबा कुठून आला होता, हे कळले तर कुतूहल शमेल. पण फौजेत उत्तरेकडची परकी माणसे होती हे पोलंडमधल्या बोद्झ्यासारख्या दफनभूमींवरून आधीच दिसते, आणि लुटारू फौजा नेहमीच मिश्र असतात. ज्याच्या घराला आग लावली त्याला आग लावणाऱ्याचा वंश विचारून काय मिळणार होते?

१९४५ मध्ये या वादाला वेगळीच धार आली. स्टालिनने पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख घेतला आणि बदल्यात पश्चिमेकडचा जर्मन मुलूख दिला. तिथल्या जर्मनांना हाकलून पोलिशांना वसवले गेले, आणि ही ‘पियास्तांची भूमी’ आपल्याला परत मिळाली, असे नव्या सरकारने सांगितले. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्वेकडच्या त्याच मुलखातून उचलून सैबेरियाकडे पाठवले होते. त्यांची गावे आता देशातच राहिली नव्हती. हजार वर्षांपूर्वी श्चेचिन आणि व्रोत्स्वाव मिएश्कोकडे होते, या माहितीचा वळिवड्यात बसलेल्या आईला काय उपयोग होता? आणि व्रोत्स्वावमधून हाकललेल्या जर्मन बाईने तरी मिएश्कोचे काय बिघडवले होते? दहाव्या शतकातल्या फौजेच्या ताब्याला आजचा सातबारा समजण्याची ही खोड माणसांना फार महागात पडते. २०२१ च्या जुलैत रशियाच्या अध्यक्षांनी कीवच्या रूस राज्याचा हवाला देऊन रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असा लेख लिहिला. पुढच्या फेब्रुवारीत रणगाडे निघाले.

पोलंडमध्ये १९६६ साली एकाच हजार वर्षांचे दोन उत्सव झाले. कार्डिनल व्हिशिन्स्कींच्या नेतृत्वाखाली चर्चने बाप्तिस्म्याचा केला, गोमुल्कांच्या साम्यवादी सरकारने राज्याचा. एकाच दिवशी एकाच शहरात दोन सभा होत. पोपला देशात येऊ दिले नाही. गावोगाव फिरणारी चेंस्तोहोवाच्या माउलीच्या (मेरीमातेच्या) चित्राची प्रत सरकारने अडवली, तेव्हा लोकांनी रिकामी चौकट मिरवली. त्या रिकाम्या चौकटीमागचे धैर्य मोठे होते, आणि माझी सहानुभूती तेव्हाच्या श्रद्धाळूंकडे आहे. सरकारच्या बाजूनेही चांगले काही घडले: ‘हजार वर्षांसाठी हजार शाळा’ या मोहिमेत खरोखरच्या शाळा बांधल्या गेल्या, आणि राज्याच्या उगमाच्या उत्खननाला पैसा मिळाला. त्या उत्खननांवाचून आज आपण जळालेल्या कोटांबद्दल बोलूही शकलो नसतो. पण शोषितांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनीही मिएश्कोच्या फौजेने विकलेल्या माणसांसाठी त्या उत्सवात जागा ठेवली नाही. दोन्ही व्यासपीठांवर राजाच उभा होता.

त्या राजाचे राज्य पुढे काय झाले? बोलेस्वाव १०२५ मध्ये राजमुकुट धारण करून त्याच वर्षी वारला. त्याच्या मुलाला, मिएश्को दुसऱ्याला, सहा वर्षांत जर्मन सम्राट आणि कीवचा यारोस्लाव यांनी दोन्ही बाजूंनी घेरले, भाऊच उलटला. दिरहमांचा ओघ केव्हाच आटला होता. लुटायला कमजोर शेजारी उरला नव्हता. १०३४ मध्ये तो मेला आणि सारे कोसळले. गालुस त्याचे वर्णन करतो: गुलाम मालकांवर उठले, बंधमुक्त केलेले उमरावांवर उठले, काहींना मारले, काहींना गुलाम केले, बिशप आणि धर्मगुरूंवर हल्ले झाले. याला ‘मूर्तिपूजकांचा उठाव’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. गालुसच्या वाक्यात मात्र पहिले नाव गुलामांचे आहे. १०३८ किंवा १०३९ मध्ये चेकांचा ब्रेटिस्लाव चालून आला, ग्निएझ्नो लुटले, आडालबर्टच्या अस्थी प्रागला नेल्या. गिएचच्या माणसांनी शरणागती पत्करली तेव्हा त्यांना गुराढोरांसकट बोहेमियात नेऊन वसवले, असे चेक इतिहासकार कॉस्मास लिहितो. ज्या कोटाभोवती शंभर वर्षांपूर्वी उचलून आणलेली माणसे वसवली होती, तिथली माणसे आता उचलून नेली जात होती. ग्निएझ्नोच्या चर्चमध्ये रानटी जनावरांनी बिळे केली.

कझिमिएझ नावाचा मिएश्को दुसऱ्याचा मुलगा जर्मन स्वारांची तुकडी घेऊन परतला आणि क्राकूवला गादी करून त्याने राज्य पुन्हा उभारले. त्याच्याकडे आजोबांसारखी फौज पोसण्याची चांदी नव्हती, म्हणून सैनिकांना तनख्याऐवजी जमिनी देण्याची रीत बसू लागली आणि राज्य शेताच्या उत्पन्नावर चालू लागले. शेतकऱ्याच्या पाठीवर तोही भारच होता. पण माणूस विकण्यापेक्षा त्याच्याकडून दरवर्षी धान्य घेण्यात राजाचे हित असेल, तर माणूस आपल्या गावात, आपल्या लेकरांजवळ राहतो. आजच्या पोलंडचा धागा जुळतो तो या दुसऱ्या, गाजावाजा नसलेल्या आरंभाशी. त्याच्या नावाने कोणताही सण नाही.

२०२५ मध्ये ग्निएझ्नोत बोलेस्वावच्या राज्याभिषेकाची हजार वर्षे साजरी झाली. आता २०३८ येईल, गुलामांच्या उठावाला आणि गिएचच्या विस्थापनाला हजार वर्षे होतील. पोलंडची संसद कायदा करून बाप्तिस्म्याचा दिवस ठरवू शकते, तर त्या वर्षासाठीही ठराव करू शकते. लेद्नित्साच्या संग्रहालयात तलवारींशेजारी जळालेल्या कोटांचा नकाशा आणि दिरहमांचा प्रवास मांडता येईल. शाळेच्या पुस्तकात बाप्तिस्म्याच्या चित्रासमोरच्या पानावर दाराची ती चौकट छापता येईल, साखळदंडातली माणसे मुलांना दिसतील एवढी मोठी.